हिरव्या चिंधीची पाटी

मी एक जुनी पाटी आहे. शाळेत अक्षरे गिरवायची ती नव्हे, मित्रांनो. भाजी भरून डोक्यावर घ्यायची, बांबूची. हे सारे घडले ते १९९६ साली, डिसेंबर महिन्यातल्या एका बुधवारी. तेव्हा मी सहा वर्षांची होते. आता माझ्या काठाचे वेढे सुटले आहेत आणि तळाला मूठ जाईल एवढे भोक पडले आहे. म्हातारपणी राग निवतो असे लोक समजतात. माझा निवलेला नाही, म्हणून तर बोलते आहे.

पेठ रोडवरच्या डोंगरात एक लहानसा पाडा आहे. तिथल्या मंगळूने मला विणले. त्याने बांबू अमावास्येला तोडला, कारण त्या दिवशी तोडलेल्याला कीड लागत नाही असे तो मानतो. कामट्या काढताना त्याची बोटे तीनदा कापली. विणून झाल्यावर त्याने मला चुलीवर आठ दिवस धुरात टांगून ठेवले. खाली उतरवले तेव्हा मी काळपट आणि पक्की झाले होते. मंगळूची बायको साळूबाई. तिने मला उलटे करून माझ्या बुडावर बुक्की मारली, कान देऊन आवाज ऐकला आणि म्हणाली, "बरी झालीय. तुमच्यापेक्षा सरळ हाय." मंगळू हसला. माझे पहिले कौतुक ते.

साळूबाई ओढ्याकाठच्या तुकड्यात वालपापडी, मेथी आणि वांगी करायची. दर बुधवारी नाशिकला गंगेवर, म्हणजे गोदावरीकाठी, बाजार भरतो. पाड्यावरच्या सहा बायका आपापली भाजी घेऊन तिथे जात आणि स्वतः बसून विकत. सहाही जणींच्या पाट्या मंगळूच्याच हातच्या, एका मापाच्या. बाजारात उतरवताना गोंधळ होऊ नये म्हणून पाड्यावर एक रीत होती. प्रत्येकीने आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी फाडून पाटीच्या काठाला बांधायची. साळूबाईचे लुगडे हिरवे, पिवळ्या काठाचे. त्याची एक चिंधी तिने माझ्या काठाला गाठ मारून बांधली आणि उरलेल्या तुकड्याची चुंबळ केली. चुंबळ म्हणजे डोके आणि पाटी यांच्यामध्ये ठेवायची कापडाची गुंडाळी. म्हणजे मी आणि ती चुंबळ एकाच कापडाने जोडलेल्या. हे लक्षात ठेवा.

आम्हाला न्यायला एक निळा टेम्पो येई. चालवणारा पाड्यावरचाच बारकू, सगळ्यांना मावशी म्हणणारा. टेम्पोचा मालक मात्र शहरातला धनराज. बारकू माणसाचे भाडे घेत नसे. पाटीमागे पाच रुपये, आणि पाटीबरोबर तिची मालकीण. पाट्या मधे, बायका कडेने, हात आपल्या पाटीच्या काठावर. माझ्या शेजारी नेहमी गोजराबाईची पाटी असे, तांबड्या चिंधीची. गोजराबाईची जीभ सारा घाटभर थांबत नसे.

"साळे, तुझ्या वालात दाणा हाय का नुसता वारा?"

"दाणा तुझ्या तोंडात भरीन, मंग गप बसशील."

"भर की. कच्चाच खाईन. माझं काय जातं, विकायचा तुला हाय."

सहा वर्षे मी अशी गेले आणि आले. गंगापूर रोडच्या बायका हातात पिशवी घेऊन आमच्याकडे थेट येत. एक कॉलेजात जाणारी मुलगी, स्नेहल, आईची पिशवी धरून उभी राही आणि आई भाव करत असताना पापडीचे दाणे सोलून खाई. साळूबाई तिला मुद्दाम मूठभर जास्त देई. संध्याकाळी रिकामी मी तिच्या मांडीवर असे आणि माझ्यात पाव किलो गोडेतेल, साबण, कधी मंगळूसाठी तंबाखूची पुडी.

त्या बुधवारच्या आठवडाभर आधी धनराज पाड्यावर आला होता. बारकू त्याला टेम्पोच्या पुढे घेऊन गेला.

"शेठ, ब्रेक लय खाली जातो. लायनर संपलेत."

धनराज म्हणाला, "भाजी न्यायची आहे रे, विमान नाही उडवायचं. संक्रांत होऊ दे, मग टाकू."

मी हे माझ्या कानांनी ऐकले. पाटीला कान असतात, मित्रांनो, फक्त पाटीची साक्ष कोणी घेत नाही.

त्या सकाळी उताराला ब्रेक लागला नाही. समोरून ट्रक येत होता. बारकूने टेम्पो दरीकडे न नेता डोंगराकडे घातला, म्हणून आज चार बायका तरी धड आहेत. टेम्पो कड्याला घासत गेला आणि कुशीवर पडला. वाल, वांगी, कोथिंबीर, बायका, आम्ही पाट्या, सगळे एकात एक. गोजराबाई टेम्पोखाली आली. ती पुन्हा बोलली नाही. साळूबाईचा उजवा पाय मांडीपासून वाकडा झाला होता. लोकांनी तिला रस्त्याच्या कडेला निजवले आणि तिच्या गुडघ्याखाली तिचीच हिरवी चुंबळ सरकवली. मी तिच्यापासून चार हातांवर पडले होते.

दवाखान्याची गाडी यायला वेळ होता. तेवढ्यात आमच्या सहा जणींतलीच लंकाबाई सरपटत साळूबाईजवळ आली. तिला फक्त खरचटले होते. बारकू दूर दगडावर डोके धरून बसला होता. लंकाबाई हळूच म्हणाली, "साळे, ऐक. भाडं दिलं म्हणून सांगायचं नाय. मालाच्या गाडीत पैसे घेऊन माणसं बसवली म्हटलं, तर पोराला आत टाकतील. तीन पोरी हायेत त्याला."

"पाट्यांचं मंग?"

"पाट्या आपल्या म्हटलं की भाडं आलंच. पाट्या म्हणायच्याच नाय."

हवालदार चंदर आला तो वही उघडूनच. नीटनेटका माणूस. त्याने एकेक वस्तू उचलून लिहून घेतली: पाट्या सहा, बांबूच्या, प्रत्येकीच्या काठाला वेगळ्या रंगाची चिंधी, हिरव्या, पिवळ्या काठाच्या चिंधीच्या पाटीत वालाच्या शेंगा, दुसरीत कोथिंबीर. मग त्याने साळूबाईला विचारले, "बाई, ह्या पाट्या कोणाच्या?"

साळूबाईने माझ्याकडे पाहिले. वेदनेने तिचे ओठ पांढरे झाले होते. मला वाटले, आता हात करील.

"आम्हाला काय माहीत, सायेब. आम्ही म्हसरूळला सोयऱ्याकडं चाललो व्हतो. पोरानं फुकट बसवलं."

मित्रांनो, माझ्या काठाला तिच्याच लुगड्याची चिंधी होती. तिच्या गुडघ्याखाली त्याच लुगड्याची चुंबळ होती. सहा वर्षे जिच्या डोक्यावर बसले, तिने मला ओळख दिली नाही. आणि हाच जबाब तिने दुसऱ्या दिवशी सिव्हिलमध्ये अंगठा उठवून दिला. बाकीच्या बायकांनीही दिला. पाड्यावर सगळ्यांनी त्यांना शहाण्या म्हटले.

आम्हा सहा जणींना पोलीस ठाण्याच्या मागच्या खोलीत नेले. भाजी कुजली तशी बाहेर टाकली. मालकच नाही म्हणून परत द्यायचे कोणाला? चंदरने प्रत्येकीवर कागद चिकटवला: बेवारस. त्या शब्दाने मला जितके जाळले तितके चुलीच्या धुरानेही जाळले नव्हते. तिथे पाच पाट्यांचे काय झाले ते मी पाहिले. दोघींत केर भरला. दोघी आल्यागेल्याने उचलून नेल्या. गोजराबाईची पाटी एका थंडीत कोणीतरी अंघोळीच्या बंबाखाली घातली. तिची तांबडी चिंधी सुटून माझ्यापुढे फरशीवर पडली. मी एका मोडक्या कपाटामागे होते, म्हणून राहिले.

इकडे काय चालले होते ते मला पुढे साळूबाईनेच सांगितले. ती शेंगा सोलायला बसली की बोलते. पायात सळई घातली, पण हाड वाकडे जुळले. डॉक्टर म्हणाले, दुसरे ऑपरेशन लवकर केले तर पाय पुन्हा पुरता टेकेल, उशीर झाला तर नाही. ते ऑपरेशन मंगळूच्या ऐपतीतले नव्हते. तेव्हा सिव्हिलच्या दारात भेटलेल्या एका वकिलाने नुकसानभरपाईचा दावा लावून दिला. टेम्पोचा विमा होता. विमा कंपनीचे उत्तर आले. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी आमच्यावर नाही. तुम्हीच जबाबात लिहून दिले आहे की फुकट बसलो. तो वकील त्या दिवसापासून दिसला नाही.

आणि धनराज? त्याला खरे माहीत होते. पाटीमागे पाच रुपये दर बुधवारी संध्याकाळी त्याच्याच खिशात जात. पण माणसे बसवली हे कबूल केले तर परमिट जाईल, ही त्याची भीती. तो गोजराबाईच्या घरी गेला, दारात गोड बोलला, दिवसकार्याच्या खर्चाला काही दिले आणि तिच्या नवऱ्याचा अंगठा एका कागदावर घेतला. कागदावर लिहिले होते की माझी बायको फुकट बसली होती आणि माझी काही तक्रार नाही. त्या माणसाला वाचता येत नव्हते. त्याने अंगठा दिला आणि धनराजला चहा पाजला. अजून आठवले की माझ्या कामट्या ताठ होतात.

तीन वर्षे गेली. एका बुधवारी स्नेहलची आई बाजारात लंकाबाईजवळ थांबली आणि विचारले, "साळूबाई कुठे असतात हल्ली?" लंकाबाईने सांगितले. स्नेहल तोवर वकील झाली होती. ती पाड्यावर गेली, कागद वाचले आणि साळूबाईला घेऊन थेट पोलीस ठाण्यात आली.

चंदर म्हणाला, "मॅडम, त्या पाट्यांचं सरपण झालं. बेवारस होत्या त्या."

"बघू तरी द्या."

कपाट सरकले. उजेड आला. दारात साळूबाई काठीवर उभी होती, अर्धी वाकलेली. तिने मला पाहिले आणि काठी सोडून भिंत धरत आत आली. खाली बसता येत नव्हते तरी बसली. माझ्या काठावरची धूळ तिने पदराने पुसली.

"ही माझी," ती म्हणाली. "हीच माझी."

तीन वर्षे मी ज्या शब्दांची वाट पाहिली ते शब्द. मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. तेव्हाच का नाही म्हणालीस, एवढेच माझ्या मनात. मग तिने फरशीवरची तांबडी चिंधी उचलली, बोटांत फिरवली आणि माझ्या काठाला हिरव्या चिंधीशेजारी बांधली. माझा राग तिच्यावरून उतरला तो त्या गाठीपाशी. आता कोणाकडे जायचे ते त्याला कळले होते: ज्याने लायनर बदलले नाहीत त्याच्याकडे.

स्नेहल तिच्याजवळ उकिडवी बसली. "साळूमावशी, कायदा साधा आहे. मालाच्या गाडीत कोणी असंच बसला असेल तर विमा नाही. पण मालाचा मालक आपल्या मालाबरोबर बसला असेल, तर त्याचा विमा आहे. तुमच्या अपघाताच्या दोनच वर्षं आधी हे कायद्यात घातलंय. तुम्ही मालक होता. वाल तुमचा, पाटी तुमची."

"आन् भाडं? बारकूचं काय व्हईल?"

"माल न्यायला गाडी आहे. मालाचं भाडं घेतलं त्यात बारकूचा काय गुन्हा? पाटीमागेच तर घेत होता. गुन्हा ब्रेकचा आहे, आणि लायनर बदलायचे कोणी होते?"

साळूबाई म्हणाली, "म्हंजे आम्ही त्याला वाचवायला खोटं बोललो, त्याला वाचवायची गरजच नव्हती."

"नव्हती."

"हे आम्हाला कोणी सांगितलंच नाय."

चंदर दारात उभा होता. त्याने खाली पाहिले. जबाबावर अंगठा घेताना त्याला कायद्यातली ती ओळ माहीत होती की नाही, मला माहीत नाही. विमा विकणाऱ्याला माहीत होती. विम्याचा कागद कपाटात ठेवणाऱ्या धनराजला माहीत असायला हवी होती. फक्त ज्यांचे पाय मोडले त्यांना माहीत नव्हती.

२००१ साली मी न्यायालयात गेले. पिशवीत घालून नाही, साळूबाईच्या मांडीवर बसून. कंपनीचे वकील चष्मा पुसत उठले.

"बाई, जबाबावर अंगठा तुमचाच ना?"

"माझाच."

"त्यात म्हटलंय, फुकट बसलो आणि पाट्या आमच्या नाहीत. आज म्हणता पाटी तुमची. मग खोटं कधी बोललात, तेव्हा की आज?"

साळूबाईने मागे पाहिले. शेवटच्या बाकावर बारकू बसला होता. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "सांग मावशी, खरं ते सांग. माझं मी बघीन." शिपायाने त्याला खाली बसवले.

"तेव्हा खोटं बोलले," साळूबाई म्हणाली. "पोर तुरुंगात जाईल असं वाटलं."

"म्हणजे तुम्ही पोलिसांशी खोटं बोलता."

"बोलले. पायाचं हाड बाहेर आलं व्हतं तरी बोलले. पैशासाठी बोलायचं असतं तर तवा खरंच सांगितलं असतं."

न्यायाधीशांनी लिहिता लिहिता वर पाहिले.

वकील म्हणाले, "ठीक आहे. पण अशा पाट्या बाजारात हजार मिळतात. ही तुमचीच कशावरून?"

साळूबाईने कमरेची पिशवी सोडली आणि चुंबळ काढली. सिव्हिलमधून ती तिच्या अंगावरच्या कपड्यांबरोबर परत आली होती. तिने ती उलगडली आणि माझ्या काठावरच्या चिंधीची गाठ सोडून तिचे टोक चुंबळीच्या फाटक्या कडेला लावले. पिवळा काठ पिवळ्या काठाला मिळाला. फाटताना एक धागा तिरपा ओढला गेला होता. तो तिरपा धागा इकडून निघून तिकडे गेला. चंदरच्या पंचनाम्यात लिहिलेलेच होते: हिरवी चिंधी, पिवळा काठ, आत वालाच्या शेंगा. वकिलांनी चष्मा पुन्हा पुसला.

मला त्या खोलीला एक विचारायचे होते. मला बेवारस म्हटले नसते, तर मी त्याच आठवड्यात घरी गेले असते, झिजले असते, चुलीत गेले असते. जिने मला नाकारले तिच्या नाकारण्यानेच मी साक्षीला उरले. हा योगायोग झाला. न्याय योगायोगावर का टांगलेला असावा? सहा पाट्यांपैकी पाच जळल्या, हरवल्या किंवा केरात गेल्या. त्या पाच घरांनी कोणते कापड जोडून दाखवायचे होते?

निकाल २००३ साली लागला. कंपनीने भरपाई द्यावी. कंपनी वरच्या न्यायालयात गेली. तिथे तीन वर्षे. साळूबाईच्या हातात काही पडले ते २००६ साली, अपघाताला दहा वर्षे होत आली तेव्हा. डॉक्टरांनी हाडाचा फोटो उजेडाकडे धरून पाहिला आणि म्हणाले, आता ऑपरेशनचा उपयोग नाही. हाड जुने झाले. भरपाई आली, मित्रांनो. पाय आला नाही.

आता प्रत्येकाचे काय झाले ते सांगते.

गोजराबाईच्या घराला काही मिळाले नाही. तिच्या नवऱ्याचा अंगठा उठलेला होता, आणि उठलेला अंगठा पुसायला स्नेहल दोनदा न्यायालयात गेली, दोनदा हात हलवत परत आली. तो माणूस पुढे कोणाच्याही कागदाला हात लावत नसे. मतदानाची शाईसुद्धा नको म्हणायचा. ब्रेक नसलेली गाडी रस्त्यावर आणली म्हणून बारकूला दंड झाला. त्याने पुन्हा गाडीचे चाक धरले नाही. इगतपुरीकडे एका धरणावर तो रखवालदार आहे. धनराजचा निळा टेम्पो दुरुस्त होऊन पांढरा झाला, आता त्याचे पाच टेम्पो आहेत. परमिट एकाचेही गेले नाही. चंदर निवृत्त झाला. जाण्याआधी त्याने मला ठाण्याच्या यादीतून रीतसर सोडवले आणि कागदावर 'बेवारस' खोडून साळूबाईचे नाव पूर्ण लिहिले. स्नेहलकडे अपघाताचे कोणी आले की ती आधी विचारते, तुमच्याबरोबर सामान काय होते आणि ते आता कुठे आहे. मंगळूची नजर गेली. तो हाताने चाचपून विणतो आणि अजून सरळ विणतो.

साळूबाई बाजाराला जात नाही. पण दर बुधवारी ती काठी टेकत फाट्यावर येते आणि मला काखेत घेऊन येते. पाड्यावरच्या बायका टेम्पोत चढतात. चढण्याआधी साळूबाई काठीने एकेका पाटीला टोचते.

"ही कोणाची?"

"माझी."

"मोठ्यानं बोल. तुझ्या सासूला ऐकू जाऊ दे."

"माझी हाय. आत माझी मेथी हाय. पाटीचं भाडं मी दिलंय."

लंकाबाई अजून जाते. तिला साळूबाई दोनदा विचारते. लंकाबाईही दोनदा सांगते. का, ते तिला ठाऊक आहे. मग साळूबाई चालकाला ब्रेक दाबून दाखवायला लावते आणि तो दाखवल्याशिवाय काठी गाडीपुढून उचलत नाही. नव्या पोरी हसतात. हसू द्या.

मित्रांनो, मी तुम्हाला माझी निगा राखा असे सांगणार नाही. माझे दिवस झाले. पण तुमचे जे असेल, भाजीची पाटी असो, पोते असो, घमेले असो, त्यावर आपली खूण ठेवा आणि कोणी वही उघडून विचारले की ते माझे आहे म्हणा. कोणावर माया असली तरी म्हणा. ज्याला कायदा कळतो त्याने तो गरिबाला आधी सांगावा, हाड जुने व्हायच्या आत. आणि न वाचलेल्या कागदावर अंगठा देऊ नका, चहा तर मुळीच पाजू नका.

टेम्पो निघाला की साळूबाई मला दोन्ही हातांनी उचलून धरते. आत काही नसते. हिरव्या चिंधीशेजारची तांबडी चिंधी वाऱ्याने हलते. त्यावर बोट ठेवून ती स्वतःलाच विचारते आणि स्वतःच उत्तर देते.

"ही गोजराची."